मोठे बोल्ट आवळणाऱ्या हातांची परीक्षा कधी घेणार?

मा. संचालक,
व्यवसाय शिक्षण व प्रशिक्षण संचालनालय, महाराष्ट्र राज्य, मुंबई



बाष्पकाच्या वाफेच्या पाइपला वेल्ड मारणाऱ्या माणसाला आपल्या देशात परीक्षा द्यावी लागते. इंडियन बॉयलर रेग्युलेशन्स, १९५० मध्ये तशी तरतूद आहे. त्याने मारलेले वेल्ड कापून, वाकवून, तपासून मगच त्याला दाखला मिळतो. त्याच पाइपवर चार हात पुढे फ्लॅन्ज असतो. त्याचे बोल्ट आवळणाऱ्या माणसाला मात्र कोणी काही विचारत नाही. तो फिटर असेल, ठेकेदाराने आदल्या दिवशी आणलेला हेल्पर असेल, किंवा ‘ताकदवान आहे, याला पाना द्या’ म्हणून पुढे केलेला कोणीही. वेल्ड फुटले काय आणि फ्लॅन्ज उघडला काय, वाफ बाहेर येते ती त्याच दाबाने.

मी आयुष्यभर यंत्रांच्या देखभालीचे काम केले आणि आता निवृत्त आहे. राज्यातल्या चारशेहून अधिक शासकीय औद्योगिक प्रशिक्षण संस्थांचा कारभार आपल्या संचालनालयाकडे आहे, म्हणून हे पत्र आपल्याला. मोठे बोल्ट आवळणे आणि सोडवणे हे वेल्डिंगइतकेच स्वतंत्र कसब आहे. ते आपल्या संस्थांत हातात अवजार देऊन शिकवले जावे, त्याची परीक्षा असावी आणि त्याचा दाखला मिळावा, एवढीच माझी मागणी आहे. ती का करतो, ते सविस्तर लिहितो.

हे काम राज्यात कुठे चालते, ते आधी पाहू. गाळप संपले की साखर कारखान्यांत मिल उघडतात, रोलर बाहेर काढतात, आणि पुढच्या हंगामापूर्वी सगळे पुन्हा बसवतात. साताऱ्याच्या वनकुसवडे आणि चाळकेवाडीच्या पठारावर, धुळ्याकडे ब्राह्मणवेलला पवनचक्क्या उभ्या आहेत. पावसाळ्यात वारा सर्वांत जोरात असतो आणि वीजही तेव्हाच जास्त मिळते, म्हणून त्याआधीच मनोऱ्याच्या आतल्या अरुंद फळीवर बसून फ्लॅन्जचे बोल्ट तपासावे लागतात. चेंबूर-माहुलच्या तेलशुद्धीकरण कारखान्यांत शटडाऊन असले की शेकडो फ्लॅन्ज थोड्याच दिवसांत उघडून बंद करायचे असतात. कोयनेची वीजगृहे, सिमेंटच्या भट्ट्या, बंदरावरच्या क्रेन, पुलांचे सांगाडे इथेही तेच. मनगटाएवढा जाड स्टड आणि त्यावर दोन हातांत मावणार नाही असा नट, हे या सगळ्या ठिकाणी रोजचे दृश्य आहे.

आयटीआयमध्ये फिटरचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम चांगला आहे, हे मी मनापासून म्हणतो. कानस कशी धरावी, मिलिमीटरच्या शंभराव्या भागापर्यंत माप कसे घ्यावे, टॅप कसा चालवावा हे तिथून शिकून आलेल्या मुलांच्या हातांत दिसते. पाने आणि टॉर्क रेंच यांचीही ओळख झालेली असते. पण हायड्रॉलिक टॉर्क रेंच जोडून मोठा फ्लॅन्ज टप्प्याटप्प्याने आवळण्याचे काम माझ्याकडे आलेल्या बहुतेक मुलांनी आयुष्यात प्रथम कारखान्यातच केले. तिथे शिकवायला वेळ नसतो आणि चूक झाली तर ती चालू यंत्रावर होते.

बोल्ट कसा धरतो, हे समजले नाही की पुढचे सगळे चुकते. नट फिरवला की बोल्ट ताणला जातो. पोलाद असले तरी ते लांबते आणि मूळ लांबीवर यायला धडपडते. त्या धडपडीने दोन भाग एकमेकांवर दाबले जातात. आपल्याला हवा असतो हा ताण. नट किती जोराने फिरवला, हे फक्त तिथवर पोचण्याचे साधन. पवनचक्कीच्या मनोऱ्यात वापरतात तो ३६ मिलिमीटर व्यासाचा, १०.९ प्रतीचा बोल्ट घ्या. युरोपीय बांधकाम संहितेच्या सूत्राने त्यात सुमारे ५७२ किलोन्यूटन ताण बसायला हवा, म्हणजे ५८ टनांचा. दोनशे मिलिमीटर पकड असलेला असा बोल्ट एवढ्या ताणाखाली फार तर अर्धा-पाऊण मिलिमीटर लांबतो. त्या अर्ध्या-पाऊण मिलिमीटरवर मनोरा उभा असतो.

हा ताण आणायला, आट्यांना आणि नटाच्या बुडाला योग्य वंगण लावलेले असेल तर, सुमारे २,७०० न्यूटन-मीटर टॉर्क लागतो. ८० किलोचा माणूस एक मीटर लांब पान्याच्या टोकावर उभा राहिला तरी जेमतेम ८०० न्यूटन-मीटर मिळतात. म्हणजे नुसत्या अंगबळाने हे काम करायचे तर साडेतीन मीटर लांब दांडा हवा. म्हणूनच पान्यात पाइप घालतात, पान्याच्या शेपटावर घण मारतात, चेन ब्लॉकने पाना ओढतात. जेसीबीच्या बकेटने पाना दाबतानाही मी पाहिले आहे. नट फिरतो, सगळ्यांना हायसे वाटते. बोल्टमध्ये किती ताण आला, ते कोणालाच कळलेले नसते.

टॉर्क मोजून लावला तरी ताण कळतोच असे नाही. लावलेल्या जोराच्या दहा भागांतले साधारण पाच नटाच्या बुडाखालच्या घर्षणात जातात, चार आट्यांच्या घर्षणात, आणि एखादाच बोल्ट ताणण्याच्या कामी येतो. त्यामुळे घर्षण थोडे बदलले तरी ताण पुष्कळ बदलतो. वरच्याच बोल्टचे आटे कोरडे, गंजट असतील आणि तेवढेच २,७०० न्यूटन-मीटर लावले, तर ताण ५८ टनांऐवजी ३८ टनांच्या आसपास येईल. रेंचने टक् आवाज दिला, नोंदवहीत बरोबर आकडा चढला, सही झाली, आणि बोल्ट एक तृतीयांश ढिला राहिला. उलटही होते. कोरड्या आट्यांसाठी काढलेला टॉर्क मॉली पेस्ट लावलेल्या बोल्टला दिला, तर तो सोसण्यापलीकडे ताणला जातो. वंगणाचा डबा बदलला की आकडाही बदलावा लागतो, हे ज्याला कोणी सांगितलेच नाही त्याला दोष कसा द्यायचा?

ढिल्या बोल्टचे काय होते, हे आपल्या ग्रामीण मुलांना समजावून सांगणे अवघड नाही. उसाच्या मोळ्यांनी भरलेल्या गाडीवर सोल कचकचून आवळला असेल तर खड्ड्यात गाडी आदळली तरी सोलाला त्याचा फारसा पत्ता लागत नाही. भार मोळ्या आपसांत वाटून घेतात. सोल सैल असेल तर प्रत्येक खड्ड्याचा हिसका थेट त्याला बसतो आणि तो दोन-चार फेऱ्यांत झिजतो. बोल्टचेही तेच. नीट ताणलेल्या बोल्टला यंत्राच्या कंपनाचा अगदी थोडा वाटा सोसावा लागतो. सैल बोल्टला प्रत्येक फेरा जाणवतो. मिनिटाला शेकडो फेरे फिरणाऱ्या यंत्रात असे लाखो हिसके बसून आट्याच्या खाचेत बारीक चीर पडते आणि रोज थोडी आत सरकते. बाहेरून नट जागेवर असतो, रंगही शाबूत असतो.

सायबेरियात येनिसेई नदीवरच्या सायानो-शुशेन्स्काया जलविद्युत केंद्रात हेच घडले. तिथे प्रत्येकी ६४० मेगावॅटची दहा यंत्रे होती. दुसऱ्या क्रमांकाच्या टर्बाइनचे झाकण ८ सेंटिमीटर जाडीच्या ८० स्टडांनी धरलेले होते, आणि त्याखाली दोनशेहून अधिक मीटर उंच पाण्याचा दाब. १७ ऑगस्ट २००९ च्या सकाळी ते झाकण उडाले. शेकडो टनांचा रोटर जागेवरून उखडून वर आला, यंत्रगृहात पाणी शिरले, आणि ७५ माणसे गेली. त्याच वर्षी जानेवारी ते मार्च त्या यंत्राची दुरुस्ती झालेली होती. नंतरच्या चौकशीत ४९ स्टड तपासले, तर ४१ मध्ये थकव्याच्या चिरा सापडल्या, आणि सहा स्टडांवर अपघाताच्या वेळी नटच नव्हते. यंत्र थरथरत होते, नको त्या भारावर चालवले जात होते, ही कारणे होतीच. पण ती थरथर अखेर ज्यांनी सोसली ते स्टड होते, आणि त्यांच्याकडे वेळेवर कोणाचे लक्ष गेले नाही. जलविद्युत केंद्रे आपल्याकडेही आहेत, म्हणून हा अहवाल आपल्या प्रत्येक मेकॅनिकल निदेशकाने वाचावा असे मला वाटते.

चांगल्या अवजारांनी, मोजून-मापून काम करूनही बोल्ट तुटू शकतो, हेही मुलांना कळले पाहिजे. सॅन फ्रान्सिस्को आणि ओकलंड यांना जोडणाऱ्या नव्या पुलावर मार्च २०१३ मध्ये तीन इंच व्यासाचे ९६ दांडे हायड्रॉलिक जॅकने ताणले. दोन आठवड्यांच्या आत त्यांतले ३२ तुटले. जस्ताचा मुलामा दिलेल्या त्या अतिकठीण पोलादात हायड्रोजन शिरून ते ठिसूळ झाले होते. बसवल्यापासून ताणेपर्यंतच्या काही वर्षांत त्यांच्या भोकांत पाणीही साचले होते. कुठला बोल्ट कुठल्या प्रतीचा, त्यावर मुलामा कसला, त्याला उष्णता किती चालते, हे माहीत असणे आवळण्याइतकेच महत्त्वाचे आहे. आपल्याकडे जाम झालेला नट गॅसच्या ज्योतीने लाल करून सोडवतात, आणि तोच उच्च प्रतीचा बोल्ट पुसून पुन्हा लावतात. लाल झालेल्या त्या बोल्टची ताकद तिथेच गेलेली असते.

आता अवजारांविषयी. हायड्रॉलिक टॉर्क रेंच हे उत्तम साधन आहे. हातात मावणारा तुकडा हजारो न्यूटन-मीटर देतो. पण तो नटाला जेवढा पीळ देतो तेवढाच उलटा पीळ त्याच्या टेकूवर येतो. हा टेकू, ज्याला कामगार ‘आर्म’ म्हणतात, शेजारच्या नटावर किंवा फ्लॅन्जच्या कडेवर टेकवतात. ५,००० न्यूटन-मीटर लावले आणि आर्म वीस सेंटिमीटर लांब असला, तर टेकवल्या जागी अडीच टनांचा दाब येतो. आर्म नीट बसवण्यासाठी तिथे बोट घातलेले असते आणि त्याच क्षणी पंपावरचा माणूस बटण दाबतो. पंप घरघरत असतो, दोघे एकमेकांना दिसत नाहीत, ‘थांब’ ऐवजी ‘दाब’ ऐकू येते. या धंद्यात बोटांची पेरे गमावलेली माणसे मला भेटली आहेत आणि गोष्ट जवळजवळ नेहमी हीच असते. त्यावरचा उपाय फुकट आहे. बटण त्याच्याच हातात असावे ज्याच्या हातात रेंच आहे. दुसरा माणूस मदतीला असू दे, बटणाला हात लावणार नाही.

नळ्यांमधून तेल ७०० बारपर्यंतच्या दाबाने वाहते. नळीला टाचणीएवढे छिद्र पडले तर त्यातून येणारी तेलाची धार हातमोजा आणि कातडी भेदून आत शिरते. दिसायला मुंगी चावल्यासारखा ठिपका, दुखतही फारसे नाही. मलम लावून माणूस कामाला लागतो, आणि काही तासांत हात आतून सडू लागतो. हे बँडेजचे काम नव्हे, ताबडतोब शल्यचिकित्सकाकडे नेण्याचे आहे, आणि तिथे ‘दाबाखालचे तेल आत गेले आहे’ हे शब्द उच्चारायला हवेत. गळती हाताने चाचपायची नाही, पुठ्ठा धरून पाहायची. एवढी दोन वाक्ये प्रत्येक पंपावर मराठीत लिहिलेली असती तर! पंपाबरोबर येणारा दाब आणि टॉर्क यांचा तक्ता बहुधा इंग्रजीतच असतो. त्यात दाब एका एककात, कामाच्या कागदावर टॉर्क दुसऱ्या, आणि जुन्या माणसाच्या डोक्यात किलोग्रॅम-मीटर. प्रत्येक रेंचचा तक्ता वेगळा असतो. एकाचा तक्ता दुसऱ्याला लावला की आकडा वाचणारा बरोबर आणि काम चूक.

स्टड ताणण्याचे दुसरे साधन म्हणजे टेन्शनर. ते नट फिरवतच नाही. स्टडला धरून सरळ वर ओढते, मग नट हाताने खाली बसवायचा आणि दाब सोडायचा. घर्षणाची कटकट नाही, म्हणून मोठ्या टर्बाइनवर तेच पसंत करतात. पण ताणलेला स्टड तुटला तर वरचा सगळा डोलारा तोफगोळ्यासारखा स्टडच्या रेषेत सुटतो. त्या रेषेत डोके आणायचे नाही, वाकून पाहायचे नाही, हे अंगवळणी पडेपर्यंत शिकवावे लागते. घणाच्या कामाचेही तसेच. शेपटावर घण मारण्याचा जाड रिंग पाना हाताने धरायचा नसतो, दोरीने धरायचा असतो. आणि चेन ब्लॉक किंवा डोक्यावरची क्रेन पान्याला जोडून नट सोडवणे हा प्रकार तर थेट बंदच व्हायला हवा. क्रेन सरळ उचलण्यासाठी बनवलेली असते, तिरपे ओढण्यासाठी नव्हे. अडकलेला नट एकदम सुटला की पाना कोणत्या दिशेने येईल हे सांगता येत नाही. तिथे उभा असतो तो बहुधा सर्वांत कमी पगाराचा माणूस.

आवळण्याचा क्रमही शिकवावा लागतो. एकेक बोल्ट पुरा आवळत गोल गेले की फ्लॅन्ज एका बाजूने मिटतो, गॅस्केट चिरडते, आणि शेजारचा बोल्ट आवळताच आधीचा सैल होतो. म्हणून समोरासमोरच्या जोड्या घेऊन, आधी तिसरा हिस्सा, मग दोन तृतीयांश, मग पूर्ण, आणि शेवटी सगळ्यांवरून एक गोल फेरी. पवनचक्कीत यंत्र काही शेकडो तास चालल्यावर बोल्ट पुन्हा तपासावे लागतात, कारण रंगाचे थर आणि पृष्ठभागाचे उंचवटे दबून ताण उतरतो. स्प्रिंग वॉशर घातला म्हणजे बोल्ट सैल होणार नाही, हा समज तर पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. गेऱ्हार्ड युंकर यांनी १९६९ मध्ये आडव्या कंपनाखाली बोल्ट कसे आपोआप सैल होतात ते प्रयोगाने दाखवले. त्या चाचणीत स्प्रिंग वॉशरचा फारसा उपयोग दिसत नाही. उपयोग होतो पुरेशा ताणाचा.

हे सगळे इतर देशांत कागदावर आले आहे. अमेरिकेतल्या यांत्रिकी अभियंत्यांच्या संस्थेने फ्लॅन्ज जोडणीची मार्गदर्शिका, पीसीसी-१, २००० साली काढली. युरोपने २०१३ मध्ये ईएन १५९१-४ हे मानक आणले. ते बोल्टचे नाही, बोल्ट आवळणाऱ्या माणसाचे आहे: दाबाखालच्या धोकादायक जोडण्या करणाऱ्याला काय यायला हवे आणि ते कसे तपासावे, हे त्यात सांगितले आहे. आखातात काम केलेल्या आपल्या फिटरना असे दाखले मागितले जातात. परत आल्यावर इथे तो दाखला कोणी पाहतही नाही.

राष्ट्रीय अभ्यासक्रम दिल्लीत ठरतो, हे मला माहीत आहे. पण अल्प मुदतीचे राज्यस्तरीय प्रमाणपत्र अभ्यासक्रम इथे आपल्या राज्यात चालवता येतात, त्यासाठी महाराष्ट्र राज्य कौशल्य, व्यवसाय शिक्षण व प्रशिक्षण मंडळ आहे. दोन-तीन आठवड्यांचा ‘मोठ्या बोल्टांची जोडणी’ असा अभ्यासक्रम तिथे सुरू व्हावा. फिटर झालेल्या मुलांसाठी तो असावाच, पण आयटीआयची पायरी कधी न चढलेल्या, वीस-वीस वर्षे पाना चालवणाऱ्या ठेकेदारी कामगारांसाठी त्याहून अधिक. पूर्वज्ञान मान्यतेची सोय आपल्या कौशल्य योजनांत आहेच. त्यांना वर्गात बसवून लेखी पेपर देऊ नका. त्यांच्याकडून फ्लॅन्ज आवळून घ्या आणि ताण मोजा.

त्यासाठी लागते ते फार महाग नाही. एक जुना फ्लॅन्ज, त्यात ताण मोजणारे लोड सेल बसवलेले आठ बोल्ट, एक आकडे दाखवणारा पडदा, एक हायड्रॉलिक पंप, दोन रेंच. मूल बोल्ट आवळते तसा ताण समोर दिसतो. पहिला पूर्ण आवळून दुसऱ्याला हात घातला की पहिल्याचा आकडा खाली उतरतो, ते डोळ्यांनी दिसते. कोरडे आटे आणि वंगण लावलेले आटे यांतला फरक एका दुपारी कळतो. हजार व्याख्यानांनी तो कळणार नाही. सातारा, कोल्हापूर, धुळे, ठाणे, चंद्रपूर अशा पाच ठिकाणी असा एकेक संच ठेवला तरी सुरुवात होईल. पवनचक्क्या, साखर कारखाने आणि वीज केंद्रे यांच्याकडून जुने फ्लॅन्ज आणि कालबाह्य झालेले बोल्ट मागता येतील. ते द्यायला नकार देणारा कारखाना मला तरी माहीत नाही.

बाष्पके संचालनालयाशीही आपण बोलावे. वेल्डरच्या दाखल्याबरोबर दाबाच्या जोडण्या आवळणाऱ्याचा दाखलाही बॉयलरच्या कामात मागितला जावा, अशी शिफारस दोन संचालनालयांनी मिळून केंद्राकडे केली, तर ती दुर्लक्षित करणे कोणालाही जड जाईल.

या विषयावर निदेशकांसाठी मराठीत पुस्तिका लिहायला मी तयार आहे, आणि माझ्याबरोबर काम केलेले चार-पाच जुने फिटरही. त्यांतल्या एकाच्या उजव्या हाताला चारच बोटे आहेत, पण पंपाचा आवाज ऐकून दाब सांगण्याची त्याची हातोटी अजून शाबूत आहे. साखर कारखान्यांचा हंगाम आटोपला की ही माणसे मोकळी नसतात, म्हणून दिवाळीनंतरचा काळ सोयीचा पडेल. पहिला संच कुठल्या संस्थेत बसवायचा ते आपण कळवावे. आम्ही आमच्या खर्चाने येऊ.

आपला,
एक निवृत्त देखभाल अभियंता